गर्भपाताआधी सोनोग्राफी: कायदा काय मागतो आणि डॉक्टरने काय ठरवायचं

तालुक्याच्या गावी मान्यताप्राप्त गर्भपात केंद्र चालवणाऱ्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत गर्भपाताआधी सोनोग्राफी करणं कायद्याने सक्तीचं आहे, तसं आपल्याकडेही आहे का? नसेल, तर बीड, लातूर, धाराशिवकडच्या बहुतेक दवाखान्यांत "आधी सोनोग्राफी, नवऱ्याची सही आणि आधार कार्ड आणा, मग बघू" असं का सांगितलं जातं? आणि एखाद्या डॉक्टरने यातलं काही न करता गर्भपात केला, तर तो अडचणीत येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा, 2021 ची दुरुस्ती किंवा त्याखालचे नियम, यांपैकी कुठेही 20 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताआधी अमुक एक तपासणी केलीच पाहिजे असं लिहिलेलं नाही. कायद्याला चार गोष्टी हव्या आहेत: पात्र डॉक्टर, मान्यताप्राप्त जागा, बाईची संमती आणि डॉक्टरचं सद्भावनेने बनवलेलं मत. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 आठवड्यांसाठी दोघांचं लागतं. ते मत कोणत्या तपासण्या करून बनवायचं, हे कायद्याने डॉक्टरवर सोपवलं आहे. कायदा करणाऱ्यांनी ही जागा विचार करून मोकळी ठेवली. त्या जागेत आपण स्वतःहून नवनव्या अटी भरत गेलो, तर नुकसान बाईचंच होतं.

'सद्भावना' हा शब्द नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं संरक्षण त्यावर उभं आहे. गर्भपात घडवणं हा मुळात गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 312 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 मध्ये आहे. गर्भपात कायदा हा त्या गुन्ह्याला दिलेला अपवाद. याच कायद्याच्या कलम 8 मध्ये सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. फौजदारी कायद्यात सद्भावना म्हणजे मनातली चांगली भावना नव्हे. योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेली गोष्ट, असा तिचा अर्थ आहे. तेव्हा कोणी विचारलंच, तर प्रश्न 'सोनोग्राफी केली होती का' असा नसेल. 'काळजीपूर्वक तपासलं होतं का, आणि ते कागदावर आहे का' असा असेल. न वाचता फाइलला लावलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट या प्रश्नाचं उत्तर देत नाही. नीट घेतलेली माहिती आणि हाताने केलेली तपासणी देते.

मग ही सक्ती आली कुठून? आपल्या भागात ती भीतीतून आली, आणि भीतीला कारण होतं. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात 1000 मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या, 2001 मध्ये हाच आकडा 894 होता. 2012 मध्ये परळीत लिंगनिदानानंतरच्या गर्भपातात एका बाईचा जीव गेला. तपासण्यांचं, सीलबंद मशीनचं आणि नोटिसांचं सत्र सुरू झालं, आणि ते गरजेचंही होतं. पण त्यात दोन वेगळ्या कायद्यांची डॉक्टरांच्या मनात सरमिसळ झाली. 1994 चा लिंगनिदानविरोधी कायदा सोनोग्राफीवर नियंत्रण ठेवतो, गर्भपात बंद करत नाही. 1971 चा कायदा गर्भपाताला परवानगी देतो, सोनोग्राफी मागत नाही. बाई सात आठवड्यांची गरोदर असताना सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलला लावल्याने लिंगनिवडीच्या आरोपापासून संरक्षण मिळतं, ही समजूत वैद्यकशास्त्रालाही धरून नाही. गर्भाच्या त्या वयात सोनोग्राफीवर लिंग कळतच नाही. उलट प्रत्येक सोनोग्राफीसोबत एक एफ फॉर्म (त्या तपासणीच्या नोंदीचा) येतो, आणि त्या फॉर्ममधली त्रुटी हाच त्या कायद्याखाली उल्लंघनाचा मुद्दा ठरू शकतो. म्हणजे गरज नसलेली सोनोग्राफी तुमची जोखीम वाढवते.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी आहे, आणि ती पाहिली की आपल्या कायद्यातली मोकळी जागा किती मोलाची आहे हे कळतं. टेक्सासमध्ये 2011 साली झालेल्या कायद्याने गर्भपाताच्या किमान 24 तास आधी सोनोग्राफी करणं, चित्र बाईसमोर ठेवणं, हृदयाचे ठोके ऐकू येतील असं करणं आणि चित्रात काय दिसतं ते सांगणं डॉक्टरला बंधनकारक केलं. 100 मैलांहून लांब राहणाऱ्या बाईसाठी 24 ऐवजी 2 तास ठेवले. व्हर्जिनियात 2012 मध्ये आलेल्या विधेयकाचा परिणाम असा होता, की सुरुवातीच्या आठवड्यांत योनीमार्गातूनच सोनोग्राफी करावी लागली असती. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि पोटावरून करण्याची अट आली. पुढे 2020 मध्ये ती अटही काढून टाकली. न्यायालयांतही एकमत झालं नाही. नॉर्थ कॅरोलायनाचा असाच कायदा अपील न्यायालयाने 2014 मध्ये रद्द केला, कारण सरकार आपलं म्हणणं डॉक्टरच्या तोंडून वदवून घेत होतं. केंटकीचा कायदा मात्र 2019 मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने वैध ठरवला. या सगळ्यांत आक्षेप सोनोग्राफीला नव्हता. गरज कोणाची आहे, हे बाईला न पाहिलेल्या माणसाने ठरवण्याला होता. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की गर्भपाताची पूर्वअट म्हणून सोनोग्राफी ठेवू नये, वैद्यकीय कारण असेल तेव्हा करावी. आपल्याकडे असा कायदा नसताना तो असल्यासारखं वागणं मला फार चुकीचं वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. शेवटच्या पाळीची तारीख विचारताना कॅलेंडरवरची तारीख विचारू नका. बैलपोळा, महालक्ष्म्या, दसरा, गावची जत्रा यांच्या आधी की नंतर, असं विचारा, तारीख पक्की निघते. पाळी नियमित होती का, अंगावर पाजते आहे का, तांबी बसवली आहे का, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय का, आधी सिझर किंवा नळीतला गर्भ (गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत रुजलेला) झाला होता का, मेडिकलमधून काही गोळ्या आणून घेतल्या का. शेवटचा प्रश्न तिला एकटीला विचारा, सासूसमोर उत्तर येत नाही. मग लघवी करून यायला सांगा आणि दोन हातांनी आतून तपासा. भरलेल्या लघवीच्या पिशवीमुळे गर्भाशय मोठं वाटतं, आणि मागे झुकलेलं असेल तर लहान वाटतं. चुका होतात त्या बहुधा इथे. सहा आठवड्यांना गर्भाशय कोंबडीच्या अंड्याएवढं, आठ आठवड्यांना क्रिकेटच्या चेंडूएवढं लागतं. बारा आठवडे झाले की ते जघनास्थीच्या वर पोटावरून हाताला लागायला लागतं. पाळीची तारीख आणि हाताचा अंदाज जुळला, रक्तस्राव नाही, एका बाजूला दुखत नाही आणि गाठ लागत नाही, तर बारा आठवड्यांच्या आत सोनोग्राफीशिवाय पुढे जायला वैद्यकीय अडचण नाही.

सोनोग्राफी कधी टाळायची नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेली बाई पाळी चुकली म्हणून आली, तर गर्भ नळीत असल्याचा संशय सगळ्यात आधी घ्या. आपल्याकडे कॅम्पमध्ये ऑपरेशन झालेल्या बायका खूप आहेत, म्हणून हा मुद्दा जास्त जपायचा. तांबी असताना दिवस राहिले, आधी नळीतला गर्भ झाला होता, थोडा थोडा रक्तस्राव आणि एका बाजूला कळ आहे, तारीख सांगता येत नाही, अंगावर पाजताना पाळी न येताच दिवस गेलेत, हाताचा अंदाज आणि तारीख यांत दोन आठवड्यांहून जास्त फरक आहे, गाठ लागते आहे, यांपैकी काहीही असेल तर सोनोग्राफी हवीच. एकापेक्षा जास्त सिझर झालेल्या बाईत गर्भ जुन्या टाक्यांच्या जागी रुजलेला असू शकतो. तिथे न बघता कॅन्युला (गर्भ शोषून काढायची नळी) घातली, तर रक्तस्राव हाताबाहेर जातो. अशा वेळी पैसे नाहीत म्हणून सोडून देऊ नका, उपजिल्हा रुग्णालयात किंवा घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) चिठ्ठी देऊन पाठवा.

सोनोग्राफी केलीच, तर तिच्याकडून काय मिळतं ते माहीत हवं. योनीमार्गातून केली तर गर्भाभोवतीची पिशवी साधारण साडेचार ते पाच आठवड्यांना दिसते, ठोके सहाच्या आसपास. पोटावरून केली तर याहून उशिरा. पाळी चुकून चार दिवस झालेल्या बाईला सोनोग्राफीला पाठवलं की रिपोर्ट येतो, "गर्भ दिसत नाही, 10 दिवसांनी पुन्हा". दिवाळीनंतरचे दिवस असतील, तर 10 दिवसांनी ती बाई सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीच्या फडात असते. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, नवरा-बायको मिळून एक कोयता, खाडा केला की दंड. ती परत येते मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा पाच महिने झालेले असतात. नाहीतर त्याआधीच कुठल्यातरी मेडिकलमधून गोळ्या घेऊन फडातच रक्तस्राव होतो. सात आठवड्यांना अगदी साधं असलेलं काम एका अनावश्यक कागदापायी असं धोक्याचं होतं.

इतर तपासण्यांचंही तेच. हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट आणि आरएच, एवढ्या करा. हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल तर गोळ्यांनी गर्भपात करू नका, कारण त्यात रक्त किती दिवस जाईल ते तुमच्या हातात नसतं. आपल्या भागात पांढऱ्या पडलेल्या बायका रोज येतात, म्हणून डोळ्याची खालची पापणी ओढून बघणं हे प्रयोगशाळेच्या आधीचं काम आहे. एचआयव्ही, कावीळ, ईसीजी, छातीचा फोटो असं सरसकट 'पॅकेज' लावू नका. एचआयव्हीची चाचणी तर तिच्या संमतीशिवाय करताच येत नाही, आणि ती पॉझिटिव्ह आली म्हणून गर्भपात नाकारताही येत नाही.

सही कोणाची? 18 वर्षांवरच्या बाईची फक्त स्वतःची, फॉर्म सी वर. नवऱ्याची नाही, सासूची नाही, भावाची नाही. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो, मजकूर आधी वाचून दाखवायचा. 18 च्या आतली मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल तर पालकाची लेखी संमती लागते. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीत घेतलं. त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं, की कुटुंबाची संमती, कागदोपत्री पुरावा किंवा कोर्टाची परवानगी अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी बाईवर लादू नयेत. बाई गुपचूप आली असेल तर तिचं नाव जपणं तुमच्यावर कायद्यानेच घातलेलं आहे. कलम 5अ नुसार अधिकृत व्यक्तीशिवाय इतर कोणाला ते सांगितलं, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नवऱ्याचा फोन आला तरीही.

अल्पवयीन मुलीचा प्रश्न मराठवाड्यात टाळून चालत नाही. सोळा-सतराव्या वर्षी लग्न लावलेली मुलगी मंगळसूत्र घालून नवऱ्याबरोबर येते. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मात्र 2022 च्या याच निकालानुसार, मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर कळवताना तिचं नाव आणि ओळख सांगायची गरज नाही. हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे ते पळून भोंदू माणसाकडे जाणार नाहीत. पोलीस येईपर्यंत गर्भपात थांबवा, असंही कायदा म्हणत नाही. बलात्काराची फिर्याद असेल तर गर्भाचे भाग डीएनए तपासणीसाठी जपावे लागतात. ते नॉर्मल सलाइनमध्ये ठेवा, बाटलीला सील करा, बर्फात ठेवून पोलिसांच्या ताब्यात द्या आणि पोच घ्या. फॉर्मालिनमध्ये टाकू नका, त्याने डीएनए खराब होतो. सवयीने नेमकी हीच चूक होते.

दोन मुली असलेली बाई आली की डॉक्टर घाबरतात. बारा आठवड्यांच्या आत असेल तर मुलींची संख्या हा तुमच्या निर्णयाचा भागच नाही. गर्भनिरोधक फसलं, हे कारण कायद्यात आहे, आणि 2021 पासून ते कोणत्याही बाईला लागू आहे, तिचं लग्न झालेलं असो वा नसो. तेराव्या-चौदाव्या आठवड्यानंतर मात्र थांबून बोला, तिला एकटीला. दिवस गेल्याचं कधी कळलं, इतका उशीर का झाला, मधे सोनोग्राफी कुठे झाली, कोणी पाठवलं? उत्तरं लिहून ठेवा. लिंग कळल्यामुळे करायचंय हे तिने सांगितलं किंवा उघड दिसलं, तर ते कायद्यात बसत नाही. नकार द्या, कारण लिहा. तिच्यावर घरून जबरदस्ती होते आहे का, हेही विचारा, कारण ती बाई बहुधा स्वतःच्या मर्जीने आलेली नसते. पण फक्त दोन मुली आहेत एवढ्यावरून बाईला हाकलणं हे डॉक्टरी मत नव्हे.

20 आठवड्यांपुढे चित्र बदलतं. 20 ते 24 मध्ये दोन डॉक्टर आणि नियमांत दिलेल्या गटांपैकी कारण हवं: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, गंभीर शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातलं गंभीर व्यंग, आपत्तीची परिस्थिती. 24 च्या पुढे मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जायचं. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट असतात. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. इथे सोनोग्राफी अटळ आहे, कारण निदानच तिच्यावर उभं आहे. म्हणून व्यंगाची सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत व्हायला हवी, 23 व्या नव्हे. बाईचा जीव लगेच वाचवण्यासाठी गर्भपात करावा लागत असेल, तर कलम 5 खाली एकाच डॉक्टरचं मत पुरतं, आठवड्यांची मर्यादा लागत नाही. ओतून रक्तस्राव होणाऱ्या बाईला दुसऱ्या सहीसाठी ताटकळत ठेवू नका.

सोनोग्राफी न करता व्हॅक्यूमने गर्भपात केला, तर तुमची खरी खात्री नंतरच्या पाच मिनिटांत असते. कॅन्युला आठवड्यांच्या मापाची: आठ आठवड्यांना 8 मिलिमीटर. क्युरेटने (खरवडायच्या अवजाराने) खरवडू नका, त्याने गर्भाशयाला इजा होते. निघालेला भाग गाळणीत धुवा, काचेच्या ताटलीत पाण्यात सोडा आणि खालून उजेड धरा. गर्भाचे तंतू पिंजलेल्या कापसासारखे पसरून तरंगतात, आतलं अस्तर नुसते तुकडे दिसतं. तंतू दिसले नाहीत, तर तिला घरी सोडायचं नाही. गर्भ नळीत आहे किंवा आतच राहिला आहे, असं धरून त्याच दिवशी सोनोग्राफी. ताटलीत बघायचा हा टप्पा गडबडीत गाळला जातो, आणि फुटलेली नळी घेऊन बाई तीन दिवसांनी परत येते.

गोळ्यांसाठी मर्यादा नऊ आठवड्यांची: पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन 200 मिलिग्रॅम, मग 24 ते 48 तासांनी मिसोप्रोस्टॉल 800 मायक्रोग्रॅम, म्हणजे 200 च्या चार गोळ्या. तासाला दोन मोठे पॅड याप्रमाणे सलग दोन तास भिजले तर यायचं, हे तिला आणि बरोबरच्या माणसाला दोघांनाही सांगा. ती तोडीवर जाणार असेल तर तिथल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या.

केसपेपरवर चार ओळी पुरतात. नमुना म्हणून: "शेवटची पाळी पोळ्याच्या आदल्या दिवशी, पाळी नियमित. आतून तपासणीत गर्भाशय 7 आठवड्यांचं, मऊ, दोन्ही बाजू मोकळ्या, दुखत नाही. रक्तस्राव नाही, आधी सिझर वा नळीतला गर्भ नाही. सोनोग्राफीची वैद्यकीय गरज दिसली नाही." खाली तारीख, वेळ आणि सही. त्यासोबत फॉर्म सी, गर्भपातानंतर तीन तासांच्या आत फॉर्म 1 (डॉक्टरच्या मताचा), गोपनीय रजिस्टरमध्ये नोंद, महिन्याचा अहवाल. यातला एकही कागद सोनोग्राफीचा रिपोर्ट मागत नाही.

पंधराव्या दिवशी ती परत आली, की पुन्हा तोच मोह होतो. बरं वाटतंय, रक्त थांबलंय, उलटी-मळमळ गेली, गर्भाशय लहान झालं, तर सोनोग्राफीची गरज नाही. केली, तर "अस्तर 14 मिलिमीटर जाड" असा रिपोर्ट येतो आणि त्यावरून क्युरेटिंग होतं. गोळ्यांनंतर अस्तर जाड दिसणं सामान्य आहे, नुसत्या जाडीवरून गर्भाशय साफ करायचं नसतं. साधी लघवीची चाचणीही चार आठवड्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, तीवरूनही नाही. खूप रक्तस्राव, ताप, घाण वास किंवा दिवस गेल्याची लक्षणं तशीच असतील, तेव्हाच पुढचं पाऊल. आणि परत जाण्याआधी पुढच्या वेळचं साधन तिला विचारून द्या, कारण गोळ्या घेतलेल्या बाईला तीन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात.